घसरणारा हूक

"दाजी, हूक घसरतोय," क्रेनवाला पुन्हा म्हणाला.

फोरमनने मान वर केली नाही. क्रेनवाला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. बायको जाऊन महिना झाला होता, तेव्हापासून मेव्हणा कामापुरतंच बोलायचा, तेही तक्रारीचं.

"किती घसरतो?"

"वीतभर. बटण सोडलं तरी साचा खाली येतो. मागच्या आठवड्यापर्यंत येत नव्हता."

"बघू."

मागच्याच आठवड्यात फोरमनने कारखान्यातल्या प्रत्येक मोटरला कपॅसिटर जोडला होता. पॉवर फॅक्टर खराब म्हणून वीज कंपनी दंड लावत होती. मॅनेजरला मेन बोर्डाशेजारी सगळ्यांसाठी कपॅसिटरचं एकच मोठं पॅनेल हवं होतं. फोरमन हट्टाला पेटला. मोटर तिथे कपॅसिटर, म्हणजे लांबच्या केबली तापणार नाहीत. आणि केबली खरंच गार पडल्या. घरी जाऊन हे सांगायला मात्र कोणी नव्हतं.

"आमच्या मेव्हण्याला हल्ली हूकसुद्धा माझ्यावर रुसलेला दिसतो," तो पंपवाल्याला म्हणाला. दोघं हसले.

दुपारी साचा उतरवताना मेव्हण्याने बटण सोडलं. साचा थांबला नाही. खालच्या फिटरने झटक्यात हात ओढून घेतला म्हणून बोटं वाचली. हातमोजा साच्याखाली अडकला.

फोरमन धावत वर चढला. वीज बंद करून मोटरचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. क्रेनच्या ब्रेकला वीज मोटरच्याच तारांवरून दिलेली होती. वीज गेली की ब्रेक आवळायचा. आता वीज तोडली तरी कपॅसिटरच्या जोरावर फिरती मोटर क्षणभर स्वतःच वीज तयार करत होती आणि तेवढा वेळ ब्रेक उघडाच राहत होता. क्रेनच्या मोटरला कपॅसिटर थेट जोडू नये, हे त्याला माहीत होतं. फक्त त्या दिवसांत कुठे लक्ष नव्हतं. आणि मेव्हणा सांगत होता तेव्हा वर चढून बघितलं नव्हतं.

कपॅसिटर सोडवून तो खाली आला.

"चूक माझी. क्रेनपुरतं मेन बोर्डाशेजारी पॅनेलच लावू."

मेव्हणा साच्याखालून ओढून काढलेला फिटरचा फाटका हातमोजा झटकत होता.

"ताईपण सांगत होती ना, दाजी? छातीत दुखतंय म्हणून. तेव्हा काय म्हणालात?"

तोच शब्द, 'बघू', फोरमनच्या जिभेवर आला. त्याने तो गिळला.

"साचा उचलून बघ," एवढंच म्हणाला.

सगळ्यांना मागे सारून मेव्हण्याने साचा उचलला, खाली आणता आणता बटण सोडलं. साचा जागच्या जागी थांबला.

"बघितलं की लगेच कळतं की, दाजी," मेव्हणा म्हणाला आणि कामाला लागला.