टोपलीभर प्रामाणिकपणा

ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरातला चहाचा पितळी बंब सोमवारी जागेवर नव्हता. अध्यक्ष लेमेल फिंगरहुट टोप्या विकायचे. आवाज बाजारातच कमावलेला. ते बाकावर चढून ओरडले, "गनेफ! सगळे गनेफ!"

आमच्या यिद्दिशमध्ये चोराला गनेफ म्हणतात, लबाडालाही म्हणतात, आणि शेजारणीचं पोर जास्तच हुशार निघालं तर कौतुकानं त्यालाही. अध्यक्षांचा सूर कौतुकाचा नव्हता.

"माझ्याकडे काय बघता?" गेत्झल शिंपी उसळला. "माझी छत्री इथूनच गेली. ती कुठल्या गनेफानं नेली, ते आधी सांगा!"

"तू छत्री घेऊन येतोस कधी? जाताना मात्र दर वेळी असते हातात!"

म्हाताऱ्या रब्बी अव्रोमांनी दोघांना आवरलं. "कोट ठेवायच्या खोलीत टोपली ठेवतो. उद्या एकेकानं आत जाऊन दार लावून घ्यायचं. जे नेलं असेल ते मुकाट ठेवायचं. कोणी काही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली उघडली, तर ढिगाखाली टोपली दिसेचना. चहाचे पेले, मासे खायचे काटे, प्रार्थनेची पुस्तकं, खिडकीचा पडदा, दोन छत्र्या. बाहेरच्या दाराची मूठसुद्धा होती. तिच्यावाचून आम्ही दार खांद्यानं ढकलत होतो. बंब तेवढा नव्हता.

रब्बी मटकन खाली बसले. "एका बंबापायी मी हे काय उघडून बसलो!"

तेवढ्यात चहा करणारी विधवा झ्लाटे आली. बंब तिच्या कडेवर.

"तोटी गळत होती, म्हणून दुरुस्तीला नेला होता. अध्यक्षांना सांगितलं होतं की! मान हलवत होते."

"मी प्रार्थना करत होतो," फिंगरहुट म्हणाले.

"घोरत होतात."

पण अध्यक्ष कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "म्हणजे चोरी झालीच नाही! मग वस्तू परत करायचा प्रश्न येतोच कुठे?"

लगेच सभा भरली. 'या प्रार्थनाघरात एकही गनेफ नाही' असा ठराव झाला. दोन्ही छत्र्या काखोटीला मारून गेत्झलनं अनुमोदन दिलं.

"निदान दाराची मूठ तरी ठेवा रे," आपापला माल परत उचलणाऱ्यांना रब्बी म्हणाले. कोणालाच ऐकू आलं नाही. पडदा अध्यक्षांनी स्वतः घडी करून नेला, जपून ठेवायला.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी झ्लाटेनं बंबात कोळसे पेटवले. चहा उकळला, वास सुटला, माणसं जमली. पेला एकही नव्हता. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

झ्लाटेनं पिशवीतून आपला पत्र्याचा मग काढला, काठोकाठ भरला आणि आधी रब्बींच्या हातात दिला. त्यांचा पिऊन झाल्यावर स्वतःसाठी भरला, साखरेचा खडा दातांत धरला आणि सगळ्यांसमोर बसून सावकाश घोट घेऊ लागली.

"तोटी छान बसवलीय हो," ती म्हणाली.