ताटलीतला रुपया

नांदुऱ्याच्या स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच वामनरावांची खानावळ लागते. बाहेरच्या बाकांवर बसू नका, आत चुलीपाशी जा. तिथं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली एक पितळी ताटली दिसेल. ती मी. चोरी झाली म्हणतात ती माझ्यावरून झाली. खरं काय घडलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प राहिले, कारण भांड्याला कोणी काही विचारत नाही. आता मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला कुठल्या तांबटानं घडवलं ते ठाऊक नाही, त्याचे ठोके तेवढे आठवतात. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत भांड्यांच्या दुकानातून मला मनकर्णाबाईंनी घेतलं. या वामनरावांच्या पत्नी. दुकानदाराशी घासाघीस करून त्यांनी माझ्या काठावर स्वतःचं नावही फुकटात कोरून घेतलं. दोन वर्षं मी हळदीकुंकवात मिरवले. बायका माझ्यातलं कुंकू उचलायच्या आणि नजर मात्र शेजारणीच्या लुगड्यावर असायची. मग मनकर्णाबाई तापानं गेल्या. घरातलं हळदीकुंकू बंद झालं, आणि वामनरावांनी मला खानावळीत आणून माझ्यात बडीशेप भरली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कापसाच्या हंगामात एका जिनिंगवाल्यानं आपल्या बाहेरगावच्या माणसांसाठी वामनरावांशी ठराव केला. दिवाळीपासून होळीपर्यंतचा पास. दोन वेळचं ताट, आणि वर ताक अन् चहा, हवा तेवढा. पास दाखवायचा, खायचं, प्यायचं, उठायचं.

वेगळा पैसा पडत नाही म्हटल्यावर माणसाची तहान कशी वाढते ते मी त्या हंगामात पाहिलं. घरी एक पेला ताक पिणारा इथं पाच पेले रिचवायचा आणि सहावा अर्धा टाकून उठायचा.

हे ताक आणि चहा द्यायचं काम मोतीरामकडं होतं. तो सुलतानपूरचा, पन्नाशी उलटलेला, पायानं जरा अधू. त्याची बायको तानुबाई आत भाकरी थापायची. दोघं मागच्या खोलीत राहायची. मोतीरामला पगार अगदीच थोडा, कारण वामनरावांचा हिशेब साधा होता. "गिऱ्हाईक बक्षीस देते न तुले. मग माह्याकडून कायले पाह्यजे?"

गिऱ्हाइकाचा हिशेबही साधाच होता. पंजाबराव म्हणून जिनिंगचे एक कापूस पारखणारे होते. ते मिशा पुसत मोठ्यानं म्हणायचे, "पासात सारं आलं न बाप्पा. वरून बक्षीस द्यायचं त मंग पास कायचा?"

दोघांचंही ऐकून मोतीराम "हाव, बरोबर हाये" म्हणायचा आणि पुढचा पेला भरायचा. त्यानं कधी कोणापुढं हात केला नाही. मला तो दोन्ही हातांनी धरून गिऱ्हाइकापुढं करायचा आणि नजर दुसरीकडं वळवायचा, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून.

मग वामनरावांनी एक युक्ती काढली. रोज सकाळी ते गल्ल्यातला एक कोरा रुपया माझ्यात बडीशेपेवर ठेवू लागले. "एकाचा पाहून दुसरा टाकते," ते म्हणायचे. युक्ती अंगलट आली. रुपया पाहून लोकांना वाटायचं, आज याला मिळालं, आता आपण कशाला द्यावं? संध्याकाळी मोतीराम मला उचलून गल्ल्यावर न्यायचा आणि तोच रुपया मालकांना परत द्यायचा. दोन महिने हे असंच चाललं. रुपया एक दिवसही चुकला नाही.

पौषात जिनिंगमध्ये नवं यंत्र बसलं. त्याच्या पूजेला देऊळगाव राजाकडून कारभारीबुवा आले. बुवा म्हातारे, माळकरी, आणि उभ्या आयुष्यात खानावळीची पायरी न चढलेले. ते बाहेर जेवायचे ते भंडाऱ्यात नाही तर कोणाच्या घरी, आणि तिथली रीत अशी की माळकऱ्याचं जेवण झालं की यजमान ताटलीत सुपारी आणि दक्षिणा ठेवून पुढं करतो. ती न घेणं म्हणजे यजमानाचा अपमान. जिनिंगवाल्यानं बुवांना दुपारच्या जेवणापुरता पास दिला होता.

बुवा पोटभर जेवले. मोतीरामनं मला त्यांच्यापुढं केलं आणि नेहमीसारखी नजर वळवली. बुवांनी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, रुपया उचलून कपाळाला लावला, उपरण्याच्या टोकाला बांधला. "अन्नदाता सुखी भव," असं म्हणून ते उठले. तोवर पलीकडून कोणी चहाला हाक मारली म्हणून मोतीराम मला बाकावर ठेवून वळला होता. बुवा दुपारच्या गाडीनं निघून गेले. त्यांच्या मनात काडीचं पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

संध्याकाळी वामनरावांनी बडीशेपेत बोट फिरवलं. "मोतीराम, रुपया कुठी हाये?"

"ताटलीतच होता मालक."

"ताटली दिवसभर तुह्याच हातात होती."

मोतीरामनं सदऱ्याचे खिसे उलटे केले, धोतराची कनवट सोडून दाखवली. बाकांवरची माणसं जेवता जेवता बघत होती. तेवढ्यात पंजाबराव बोलले, "मांगतलं असतं त आमी देल्लं असतं बे. चोरी काऊन केली?"

ज्या माणसानं अडीच महिन्यांत माझ्यात एक पैसा टाकला नाही, तो हे बोलला. माणसांच्या जिभेला हाड नसतं हे खरंच. मोतीराम तेही गिळून उभा राहिला असता. पण पिठाचे हात घेऊन तानुबाई बाहेर आली.

झालं होतं असं की त्याच सकाळी मोतीराम तिला म्हणाला होता, "या संक्रांतीले तुले बांगड्या भरतो, पायजो." कुठून भरणार होता देव जाणे, बोलून गेला बिचारा. तानुबाईला तेच आठवलं. आपल्यापायी या माणसानं हात घाण केले असं तिला वाटलं. ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "खरं सांगा, घेतला काय? मी मालकाचे पाय धरीन."

मोतीराम तिच्याकडं बघत राहिला. "तू बी?" एवढंच म्हणाला. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं घडी करून बाकावर ठेवलं आणि लंगडत एसटीकडं निघाला. तानुबाई दारापर्यंत गेली, पण तिनं हाक मारली नाही.

वामनरावांनी तिला काढलं नाही. तिच्या हातची भाकरी दुसरीला जमत नव्हती. रुपयाची मात्र त्यांनी अशी धास्ती घेतली की कल्हईवाल्याला बोलावून एक नवा रुपया माझ्यावर डाग देऊन पक्का चिकटवला. तो चटका मी विसरलेले नाही.

सुलतानपूरचा रामराव, मोतीरामचा चुलतभाऊ, महिन्या-दोन महिन्यांनी धान्य विकायला नांदुऱ्याला यायचा. तानुबाई त्याच्याजवळ निरोप द्यायची, "त्याईले म्हणा, घेतला होता एवढं कबूल करा. मी उद्या येईन." उलटा निरोप यायचा, "जे केलं नाई थे कबूल करनार नाई." दोघंही हट्टाला पेटली होती, आणि दोघांचाही जीव दुसऱ्यातच अडकलेला होता. वर्ष असं गेलं.

पुढच्या पौषात यंत्राच्या पूजेला बुवा परत आले. जेवले, हात धुतले, आणि वामनरावांनीच मला त्यांच्यापुढं केलं. बुवांनी रुपयाला हात घातला. तो हलेना. नखानं खरवडला, तरी हलेना. बुवा हसले. "औंदा दक्षिणा चिकटून बसली का काय मालक? मागल्या साली तर सहज उचलली होती. अजून देवाजवळ ठेवलीय."

वामनरावांचा चेहरा पांढरा पडला. मग गल्ल्यातून दुसरा रुपया काढून त्यांनी बुवांच्या हातावर ठेवला, आणि उठून आतल्या दाराशी गेले. आत तानुबाई भाकरी थापत होती. मला वाटलं, आता सांगतील. आता तरी.

"तानुबाई," ते म्हणाले, "दोन भाकरी जास्तीच्या टाका. बुवाले वाटंनं शिदोरी द्यायची हाये."

आणि परत येऊन गल्ल्यावर बसले. खरं सांगितलं असतं तर सगळ्या नांदुऱ्यात त्यांचं तोंड काळं झालं असतं आणि भाकरी करणारी बाई निघून गेली असती. मी त्यांना दोष देते. तुम्ही द्या न द्या.

त्या दिवसापासून त्यांना माझ्याकडं बघवेना. त्यांनी मला आत टाकलं. तेव्हापासून मी तानुबाईजवळ आहे. रोज ती मला राखेनं घासते. त्या रुपयाशी आली की तिचा हात थांबतो, मग ती जास्तच जोरात घासते. माझ्यातली सगळी चमक तिच्या हातची आहे आणि तिला सांगायला माझ्याजवळ शब्द नाही.

परवा रामराव येऊन गेला. म्हणाला, मोतीरामचा खोकला बसत नाही, अन्न जात नाही. निरोप तोच. तानुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तिनंही तोच निरोप दिला. "म्हणा, कबूल करा. माफ करायले मी बसली हावो."

तुम्ही बोलती माणसं. नांदुऱ्याला कधी उतरलात तर आत या आणि तिला एवढंच सांगा, की मोतीरामनं रुपया घेतला नव्हता. बाकी काही समजावत बसू नका, सुलतानपूरची एसटी तिला ठाऊक आहे. फक्त उशीर करू नका. आणि तुमच्या बोलण्यापायी तव्यावरची भाकरी करपली, तर करपू द्या.