सोनटक्के भांडले की

सोनटक्के कुटुंब भांडलं की अंबादास पेटीवाल्यांची खोली लांब व्हायची. अंबादासांचा खून सकाळी त्याच खोलीत झाला. दुपारी प्रेत नेलं, तोवर मागचं दार शेतभर दूर गेलं होतं.

फौजदार कालिंदी सोनटक्के पंचनामा लिहीत होती. तिची आई शेवंताबाई त्याच ठाण्यात हवालदार. वडील यादवराव निवृत्त जमादार. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते.

"वार डावखुऱ्याचा आहे," यादवराव म्हणाले.

"उजव्या हाताचा," शेवंताबाई म्हणाली. "तुम्हाला बोहल्यावरसुद्धा डावं-उजवं कळलं नव्हतं."

खोली वाढली. तेवढ्यात दुरुस्तीला आलेल्या हार्मोनियमच्या ढिगामागून एक माणूस उठला आणि मागच्या दाराकडे पळाला. तो अंबादासांचा शिष्य उत्तम होता. त्याच्या डाव्या हातात पटाशी होती.

"बघ!" यादवराव म्हणाले.

"एकदा बरोबर आलं तर लगेच मिशीला पीळ!"

दार आणखी दूर सरकलं. उत्तम पळत होता, पण दार काही हाती लागेना. कालिंदीनं वही मिटली.

"आई, अण्णा, भांडत राहा. थांबू नका."

तिघं भांडत त्याच्या मागे धावली. नंदुरबारची बदली निघाली, चोरून ओढलेल्या विड्या निघाल्या, कालिंदीनं परत पाठवलेली तीन स्थळं निघाली. कोसभर खोली झाली. मग यादवरावांचा गुडघा गेला आणि ते मटकन खाली बसले.

"तुम्ही व्हा पुढं."

शेवंताबाई पुढे गेली नाही. टोपी काढून ती बसली आणि त्यांचा गुडघा चोळू लागली.

"जा म्हणतो ना, शेवंता."

"गप बसा," ती म्हणाली, पण इतक्या हळू, की खोलीनं ते भांडण धरलं नाही.

भिंती परत येऊ लागल्या. मागचं दार उत्तमला ढकलत आलं आणि त्याला कालिंदीच्या पुढ्यात उभं करून थांबलं. तिनं बेडी घातली.

"का मारलंस?"

"माझ्या हाताला सूरच नाही म्हणाले," उत्तम म्हणाला आणि रडू लागला. पटाशी गळून पडली.

"रडू नको रे बाळा," शेवंताबाईच्या तोंडून निघून गेलं.

"आई, आरोपी आहे तो!" कालिंदी ओरडली, पण तिला राग येईना. यादवराव कसेबसे उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास, पोरी."

हा शब्द ऐकायला ती नऊ वर्षं थांबली होती. भिंत तिच्या पाठीला टेकली. चौघं छातीला छाती लावून उभी राहिली. दाराची कडी तिच्या कमरेशी होती, पण तिथवर हात न्यायला कुणालाच जागा नव्हती.

"अण्णा, काहीतरी वाकडं बोला," ती म्हणाली. "लवकर."

यादवरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम त्यांच्या हनुवटीला लागत होता. त्यांनी तोंड उघडलं.