पुढच्या गाडीचं ॲव्हरेज

इचोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दीपमालाचं मुख्य काम एकच होतं. कापसाच्या गाठी घेऊन नागपूरला निघालेल्या तीन गाड्या एकत्र करायच्या आणि एकामागे एक, अगदी जवळजवळ सोडायच्या. पुढची गाडी वारा फोडते, मागच्यांना तो कमी लागतो, डिझेल वाचतं. मधलं अंतर केबिनमधलं यंत्र सांभाळायचं.

पुढं कोण, हे मात्र ड्रायव्हरांनीच ठरवलं होतं. घरचा मोठा माणूस असल्यासारखे भगवानराव. त्यांच्या पुढं गाडी कशी काढायची? म्हणून पहिल्या दिवसापासून पुढं तेच. मागे धम्मपाल आणि शेवटी सुरेंद्र. दीपमालालाही त्यात वावगं दिसलं नाही.

मग हैदराबादहून मॅनेजरचा फोन आला. भगवानरावांचं ॲव्हरेज सगळ्यांत खराब. त्यांना गाडीवरून उतरवा, गोदामात वजनकाट्यावर बसवा.

"सर, वो आगे चलते हैं. हवा उनको ही लगती है."

"मॅडम, सिस्टम में जो दिखता है, वही चलेगा."

दीपमालाने सांगितलेलं भगवानरावांनी ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला. "काट्यावर बसून मी काय करू, माय? इतकी वर्सं गाडीच चालवली."

"म्हंजे आमच्या वाटचा वारा काकानं खाल्ला, अन् गुन्हेगारबी काकाच?" सुरेंद्र भडकला.

दीपमालाने मॅनेजरकडून आठ दिवस मागून घेतले. "सुरेंद्र, उद्यापासून तू पुढं. काका शेवटी."

"काकाच्या पुढं? काहीबी काय, ताई!"

"जाय रे," भगवानराव म्हणाले. "मागून पाहू तरी दे, कशी हाकतं ते. हॉर्नबिगर तुले रस्ता दिसते का?"

आठ दिवसांत भगवानरावांचं ॲव्हरेज सगळ्यांत चांगलं आलं, सुरेंद्रचं सगळ्यांत वाईट. गाड्यांचा क्रम बदलल्याचं दीपमालाने स्वच्छ लिहून कळवलं.

मॅनेजर फोनवर खूश होता. "देखा? डांट पड़ी, बुड्ढा सुधर गया! अब सुरेंद्र को उतारो."

दीपमालाची कानशिलं तापली. तिने लिहिलेलं त्याने वाचलंच नव्हतं. वाचवलेलं डिझेल कंपनीचं, आणि ते वाचावं म्हणून वारा अंगावर घेईल तो माणूस नालायक. कोणीतरी पुढं राहणारच. म्हणजे कोणाला तरी उतरवायला कारण कायम तयार.

ती बाहेर आली. गाड्या भरून उभ्या होत्या.

"ताई, आज पुढं कोन?" धम्मपालने विचारलं.

"कोनीच नाही. यंत्रं बंद करा अन् सुटे सुटे जा. आपापला वारा आपणच खा."

"तुमालेच काढून टाकतीन ना मंग!"

"टाकू दे."

दुसऱ्या दिवशी तिघांचंही ॲव्हरेज सारखंच खराब आलं. फोन वाजला. मॅनेजर ओरडत होता, "तीनों का इतना खराब! क्यों?"

इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच 'क्यों' विचारलं होतं. दीपमालाने खुर्ची पुढं ओढली.

"बताती हूं, सर. बीच में मत बोलिए."