आजीचं वेत

मुलीच्या कांजिण्या एकदाच्या उतरल्या आणि उंदीरवाली कामावर परतली. प्राण्यांच्या खोलीत पाऊल टाकलं तर समोर मांडणीवर सात पिंजरे, आणि सातांत सात देखणे नर. मादी औषधालाही नाही.

उंदीरवाली हे नाव सासरचं. पाहुणा आला की सासूबाई ओळख करून द्यायच्या, "ही थोरली सून, उंदरांचं करते." उंदरांचं काय करते, हे विचारायची पाहुण्याची छाती होत नसे, आणि सांगायची हिला सोय नसे.

सांगायचंच तर गोष्ट सोपी होती. आपल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. शाळेत त्यांना तंतुकणिका म्हणतात, 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' असं एका गुणासाठी लिहून घेतात आणि पुढे जन्मभर कुणी त्यांचं नाव काढत नाही. हिने मात्र आपली उमेदीची वर्षं त्यांच्यात घातली होती. सपाटीवरचा उंदीर आणि डोंगरातला उंदीर दिसायला सख्खे भाऊ. पण सपाटीवाल्याला चाकावर ठेवलं की तो थांबायचं नाव घेत नाही. त्याच्या माद्या लवकर वयात येतात, भाराभर पिलं घालतात आणि लवकर म्हाताऱ्या होतात. डोंगरातल्यांचं सगळंच बेतानं. अर्धं इंधन अंगाची ऊब राखण्यात जातं, चाकावर दोन चकरा मारून स्वारी बसते, पिलं मोजकी. पण गडी टिकतो. हा फरक भट्ट्यांमुळे की बाकीच्या देहामुळे, एवढंच तिला शोधायचं होतं.

त्यासाठी तिने डोंगरातली मादी घेतली आणि तिला सपाटीचा नर दिला. झालेल्या मुलीला पुन्हा सपाटीचा नर, तिच्या मुलीला पुन्हा. भट्ट्या फक्त आईकडून येतात, बापाच्या पोचतच नाहीत. पिढ्यांमागून पिढ्या असं केलं की सगळा देह सपाटीचा होतो आणि आतल्या भट्ट्या तेवढ्या डोंगरातल्या राहतात. म्हणजे तो अख्खा वंश लेकींवर उभा होता. लेकी संपल्या की वंश संपला, मग भाऊ डझनभर असोत.

आणि आता भाऊच तेवढे उरले होते.

हा पराक्रम वळूवाल्याचा. तो मदतनीस म्हणून नुकताच रुजू झाला होता, आणि आधी अशा ठिकाणी होता जिथे एका वळूच्या जिवावर पंचक्रोशीतल्या गाई गाभण राहतात. माणूस प्रामाणिक, कष्टाळू. आळशी असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे शंभरदा वाटलं. ती घरी असताना प्रयोगशाळेच्या सरांनी पिंजरे रिकामे करायला सांगितले, कारण दुसऱ्या कुणाचे नवे प्राणी येणार होते. याने तिला फोन केला. मांडीवर तापलेली मुलगी, एका हातात लोशनची बाटली, अशा अवस्थेत ती म्हणाली होती, चांगले तेवढे ठेव. त्याने सगळ्यांना चाकावर पळवलं, वजनं केली आणि खरोखर चांगले तेवढे ठेवले. उरलेल्या सगळ्या माद्या शेजारच्या खोलीत स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या मुलांना देऊन टाकल्या. त्यांच्या एव्हाना सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या झाल्या होत्या.

"माद्या कुठायत?" तिने विचारलं.

"त्या बारक्या होत्या, ताई. वंश राखायचा तर नर चांगला राखायला हवा ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण प्राण्यांच्या खोलीत आवाज चढवायची बंदी, त्यामुळे त्याला झाडायचं तेही कुजबुजत. कुजबुजत झाडणं किती जिवावरचं काम आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

"यांची कितीही लग्नं लाव," ती दातओठ खात म्हणाली, "यांच्या भट्ट्या यांच्यापाशीच विझणार. सात भाऊ नाहीत हे. माझ्या कामाचे सात पूर्णविराम आहेत."

वळूवाल्याचा चेहरा पडला. त्याला कळलं होतं, आणि त्याचाही तिला राग आला. मूर्ख असता तर निदान मनसोक्त चिडता आलं असतं.

संध्याकाळी घरी पोचली तर तिथे निराळा सूर. धाकट्या जावेचे दिवस भरत आले होते आणि सासूबाईंची जीभ एकाच शब्दाभोवती फिरत होती. यंदा वंशाला दिवा हवा. हिची मुलगी शेजारीच बसून खपल्या काढत होती. सासूबाईंच्या हिशेबात ती मुलगी लाडकी होती, पण मोजणीत नव्हती. उंदीरवालीने पोळीचा तुकडा हातातच ठेवला. सासूबाईंना दोन मुलगे, मुलगी एकही नाही. भट्ट्यांच्या हिशेबाने त्या माउलीचा वंश कधीच आटोपला होता. हे वाक्य लग्नापासून तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि दर वेळी ती ते घासाबरोबर गिळत आली होती. आजही गिळलं. दिवसभर उंदरांपुढे कुजबुजायचं आणि घरी येऊन गिळायचं, याला काय जगणं म्हणतात?

दुसऱ्या दिवशी तिला आजी आठवली.

आजी म्हणजे त्याच वंशाची एक जख्ख मादी. म्हातारपणाची मोजमापं घ्यायला ठेवलेली, म्हणून तिचा पिंजरा वेगळ्या कोपऱ्यात. म्हाताऱ्यांना कोण विचारतो, त्यामुळे ती वाचली होती. पाठीवरचे केस विरळ, एक कान दुमडलेला. या वयात सपाटीची मादी विणं सोडाच, जगलेलीही क्वचितच असायची.

सर म्हणाले, सोडून दे, हाताशी आहे तेवढ्यावर लिहून मोकळी हो. तिचं म्हणणं उलटं होतं. डोंगरातल्या भट्ट्या देहाला सावकाश झिजवतात, असंच तर आपण छातीठोकपणे सांगत आलो. ते खरं असेल तर ही अजून विऊ शकते.

"आणि नाही व्याली तर?" सरांनी विचारलं.

"तर मी इतकी वर्षं थापा मारत होते, असं समजा."

सरांनी नवे प्राणी येईपर्यंत मुदत दिली. वंश तर पणाला लागलाच होता. आता तिचा शब्दही त्या दुमडलेल्या कानाच्या म्हातारीवर टांगला होता.

सपाटीचा पहिला नर दिला, तो कोपऱ्यात जाऊन झोपला. दुसऱ्याला आजीनेच चावून पिटाळलं. वळूवाला रोज सकाळी भुवयांनीच 'काही?' असं विचारायचा आणि ती मानेनेच त्याला गप्प करायची. त्याने न सांगता कागदाच्या मऊ पट्ट्या कापून आणल्या, आजीच्या घरट्यासाठी. वैताग असा, की पट्ट्या खरंच चांगल्या होत्या. तिसरा नर मवाळ निघाला. त्यानंतर एका सकाळी तिने आजीला तळहातावर घेतलं तर पोट जड लागलं. तिला धड आनंदही करवेना. या वयात पिलं पोटातच जिरतात, जन्मली तर बिथरलेली आई खाऊन टाकते. खाल्ली नाहीत तरी सगळे मुलगेच निघायचे, आपलं नशीब तेवढं कर्तबगार आहेच.

जावेला कळा सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी आजी व्याली. दुसऱ्या दिवशी घरचे सगळे दवाखान्यात; ही मात्र, सगळ्यांची बोलणी खाऊन, पिंजऱ्यापुढे. हातमोजे आजीच्याच भुशात चोळून घेतले, म्हणजे पिलांना परका वास लागू नये. वळूवाल्याने आजीला सूर्यफुलाच्या बियांवर गुंतवलं. घरट्यात तीन पिलं होती, सोललेल्या शेंगदाण्याएवढी.

पहिलं उचललं. शेपटीखाली पाहिलं. नर. दुसरं, नर. तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून वळूवाल्याने तो तिच्या कानाला धरला.

"मुलगी झाली," सासूबाई म्हणाल्या. आवाज खाली बसलेला. आणि मग, "नाक मात्र माझ्या आईचं घेतलंय. अगदी तेच."

ऐकता ऐकता हिने पुन्हा घरट्यात हात घातला. तिसरं पिलू हातात होतं, सगळ्यांत लहान. तिने ते उजेडाकडे वळवलं, पहिल्या दोघांशेजारी धरलं, पुन्हा पाहिलं. वळूवालाही वाकून पाहत होता.

"आई," ती म्हणाली, "इथे आमच्या म्हातारीलाही मुलगी झाली. एकच."

"त्या उंदरीला?"

"हो. ही नसती तर वंश बुडाला असता, आई. दोन मुलगे आहेत तिला. त्यांचा काही उपयोग नव्हता."

मागे दवाखान्यात नवी नात रडत होती, चांगली खणखणीत. आता ऐकून घ्यावं लागणार, असं समजून उंदीरवालीने दात आवळले.

"दूध पितेय का ती?" सासूबाईंनी विचारलं.

तिने पिलू पुन्हा उजेडात धरलं. पारदर्शक कातडीतून पोटातला पांढरा ठिपका स्वच्छ दिसत होता.

"पितेय," ती म्हणाली.

"मग ठेव तिला आईपाशी. गार पडेल."