ढवळीच्या शिंगाचा लाल धागा

डॉक्टर वर्षालीने खांद्यापर्यंतचा हातमोजा उतरवला आणि म्हणाली, "काका, ढवळी गाभण नाही."

नत्थूजी गाईच्या शिंगाकडे पाहत राहिले. तिथे धागेवाल्या महाराजांनी बांधलेला धागा होता. लालभडक.

"पन धागा तं लाल झालता, बाई."

"धागा झाला असेल, पण पोटात काही नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावं, म्हणजे रेतन करून घ्यावं लागतं. तुम्ही मला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. गर्भ राहिला नाही. मग दर एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आली असेल. हंबरत नव्हती का?"

हंबरत होती. बायको सुलोचना होती तोवर माज तीच ओळखायची. पहाटे गोठ्यात एक नजर टाकायची आणि सांगायची, "आज डॉक्टरीनबाईले फोन करजो." पोळ्याच्या आधी ती गेली. मग ढवळी हंबरली, की नत्थूजींना वाटे, ती सुलोचनालाच हाक मारते आहे. तिच्या पाठीवर हात ठेवून ते नुसते उभे राहत. असे चार महिने वाया गेले. आणि महाराजांनी बजावले होते, डॉक्टरचा हात लागला तर फळ गळते. तरी गाईचे पोट दिसेना, म्हणून शेवटी आज त्यांनी वर्षालीला बोलावले होते.

दुपारी ते सदरा धुवायला बसले. स्वयंपाक आता तेच करत. बाहीवर वरणाचा पिवळा डाग होता. साबण लावताच डाग लाल झाला. हे ते कित्येक महिने पाहत होते. त्या दिवशी मात्र त्यांचा हात थांबला.

गुरुवारी जाम गावाजवळच्या मैदानात हीऽ गर्दी. धागेवाले महाराज गाईच्या शिंगाला पिवळा धागा बांधायचे आणि लोट्यातले तीर्थ शिंपडायचे. "माता बोलती है, धागा सुनता है!" धागा लाल झाला की गाय गाभण. पिवळाच राहिला तर घरात दोष. मग नारळ, दक्षिणा घेऊन पुढच्या गुरुवारी यायचे. पुढच्या गुरुवारी तोही लाल व्हायचा.

"या नत्थूजी!" महाराजांनी हाक मारली. "सांगा लोकायले, तुमच्या ढवळीचा धागा कसा लाल झालता!"

"सांगतो न. पन आधी थोडं तीर्थ द्या." महाराजांनी खुशीत त्यांच्या ओंजळीत तीर्थ ओतले.

नत्थूजींनी घरून आणलेला हळदीचा धागा बाजूच्या खुंट्याला आधीच बांधला होता. त्यांनी ओंजळ त्यावर रिकामी केली. धागा लाल झाला.

गर्दीतल्या लीलाबाईने पदर तोंडाला लावला. "अवं माय! खुंटा गाभन राह्यला!"

बाया हसत सुटल्या. "हळदीच्या लुगड्याले साबन लावला की अस्संच व्हते."

"तीर्थात धुन्याचा सोडा हाय," नत्थूजी म्हणाले. "हळदीले सोडा लागला की ते लाल व्हते. गाय असो का लाकूड."

लीलाबाईने महाराजांजवळच्या दुसऱ्या लोट्यात बोट घालून जिभेला लावले. साधे पाणी. धागा पिवळाच ठेवून दोष काढायचा तो या लोट्यातून.

"हे तुमाले ठाऊक व्हतं?" गर्दीतला जयवंता बायांवर चिडला. "मंग आमाले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कधी? धुनं तं आमच्याच माथी."

जयवंताने तरी हट्ट सोडला नाही. "माही गाय तं खरंच गाभन राह्यली."

"वर्षालीबाईनं वेळेवर भरवली म्हनून," नत्थूजी म्हणाले. " धाग्यानं नाई. तूच तं फोन केलता तिले."

महाराज ओरडले, "पापी! बायको खाल्ली, आता गाय खाशील!"

नत्थूजी दोन पावले पुढे गेले. "माही बायको तापानं मेली. धा दिवस मी तिले अंगारा लावत बसलो, दवाखान्यात नेलं नाई. ते चूक माही हाय. पन दुसऱ्या खेपेले मी नाई फसनार. उचला लोटे!"

महाराजांनी लोटे उचलले. तीर्थ तिथेच सांडले.

आपल्या घरातली बाई रोज धुण्याच्या दगडावर जे पाहते, तेवढे जरी आपण नीट पाहिले आणि विचारले, तरी असले महाराज टिकणार नाहीत. माज डोळ्यांनी ओळखायचा, रेतन वेळेवर करून घ्यायचे आणि अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरकडून तपासून घ्यायचे. यात धाग्याचे काही काम नाही.

गावात लाल धाग्याच्या अजून अकरा गाई आहेत. त्या तपासायच्या राहिल्या आहेत. ढवळीही अजून गाभण नाही.