सत्यवतीआत्यांसमोर ‘छान’ म्हणू नये

मंदाताईंनी निघताना एकच गोष्ट बजावली होती. “माझ्या आत्याकडे राहा, पोटभर खा, वाडीत हुंदड. फक्त तिच्यासमोर कशालाही छान म्हणू नकोस.”

इशितानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. तिच्या डोक्यात तेव्हा सोळा महिन्यांच्या उमंगशिवाय दुसरं काही मावत नव्हतं. नाशिकच्या घरी फ्रिजच्या दारावर तिनं एक फुलस्केप कागद चिकटवला होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. किती वाजता पेज, किती वाजता फळ, झोपताना कोणती दुलई, आणि खाली लाल पेनानं ‘मोबाईल दाखवून भरवू नये’. मागची बाजू वाचता यावी म्हणून कागदाची वरची कडच तेवढी चिकटवली होती. सासूबाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, तो चष्मा लावून उलटसुलट वाचला आणि म्हणाल्या, “मितेश असा कागदाशिवायच मोठा झाला म्हणायचा.” मितेशला, तिच्या नवऱ्याला, हसू आलं. इशिताला नाही आलं.

तिची कंपनी जेवणाचे डबे बनवायची. डब्याच्या झाकणातली रबरी रिंग वसईजवळ वालीवच्या एका छोट्या कारखान्यात तयार व्हायची. तिथे तीन दिवस जायचं, माल तपासायचा आणि परत यायचं, एवढंच काम. पण हे जमलं तर वर्षभर अशा खेपा तिच्याकडे येणार होत्या, सोबत बढतीही. नाही जमलं तर ऑफिसातल्या टेबलावर बसून कागद पुढे सरकवायचे. मंदाताई तिच्या साहेब. त्यांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. इशितानं मनाशी ठरवून टाकलं होतं, उमंग माझ्याशिवाय जेवला आणि झोपला तर हो, नाहीतर टेबल.

पहिला दिवस गेला डबे उलटे करण्यात. तपासायची रीत साधी होती. डब्यात हळदीचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, कोऱ्या कागदावर डबा उलटा ठेवायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. कागदावर पिवळा ठिपका पडला तर रिंग नापास. ही दहा मिनिटं इशिताला खायला उठायची. डबा उलटा झाला की ती व्हिडिओ कॉल लावायची.

कारखान्यातली तपासणी एस्थर बघायची. गासची, म्हणजे आत्यांच्याच गावची पोरगी, बडबडी. तिनं पाचव्या कॉलला हात टेकले. “मॅडम, तुम्ही रिंग चेक करताय की पोराला? त्याचं झाकण टाइट आहे, गळत नाय तो.”

“गळतोय ना पण,” इशिता म्हणाली. “बघ, डोळ्यांतून.”

आणि खरंच तसं होत होतं. कॉल लागायचा तेव्हा उमंग वाटी आपटत मजेत बसलेला असायचा. स्क्रीनवर आई दिसली की आधी हसायचा, मग त्याचा खालचा ओठ बाहेर यायचा आणि पुढच्या क्षणी भोंगा. मग फोनवर एकदम छताचा पंखा दिसायचा आणि यशोदाबाईंचा आवाज यायचा, “काही नाही गं, ठीक आहे सगळं.” दिवसभरात इशितानं तो पंखा अकरा वेळा पाहिला.

संध्याकाळी एस्थरनं तिला स्कूटीवरून गासला सोडलं. भातशेतं संपून केळी सुरू झाल्या. कुंपणाच्या आत एक बुटकी, काटक बाई चटईवर वाकलेली दिसली. सोललेली राजेळी केळी उन्हात सुकून मधासारखी तपकिरी झाली होती आणि दव पडायच्या आत ती उचलायची घाई चालली होती. त्याच सत्यवतीआत्या. बहात्तर वर्षांच्या, घरात एकट्या.

“आलीस गो बाय? उभी काय राहातेस, ती टोपली धर.”

इशितानं टोपली धरली आणि सुकेळ्यांचा गोड, उन्हाचा वास नाकात गेला. “आई गं, किती छान वास!”

आत्या थांबल्या. आत गेल्या. केळीच्या वाळक्या पानात बांधलेला सुकेळ्यांचा एक मुटका आणून त्यांनी तो सरळ तिच्या बॅगेत कोंबला.

“अहो, नको...”

“छान म्हणालीस ना?”

घरात पाऊल टाकल्यावर तोंडातून निघून गेलं, “घर किती छान गार आहे!” आत्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे. घर काही तिच्यात बसण्यातलं नव्हतं, म्हणून दोन नारळ आले. अंगणातल्या दुहेरी जास्वंदीला छान म्हटलं तर ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फांद्या आल्या. मंदाताईंचं बोलणं इशिताला तेव्हा आठवलं, पण सवय वाईट. चांगल्या घरातली मुलगी, कौतुक केल्यावाचून तिला पाणीसुद्धा पिता येईना.

सात वाजता यशोदाबाईंचाच व्हिडिओ कॉल आला. उमंगनं पेज थुंकली होती, केळं फेकलं होतं आणि तासभर तो दाराकडे बोट दाखवून रडत होता. मागे त्याचा घोगरा झालेला आवाज ऐकू येत होता.

“मी येते,” इशिता म्हणाली. “आत्ता गाडी बघते. उद्याचं उद्या.” आणि तिनं बॅगेची चेन ओढली. ती लागेना, नारळ आड येत होते.

आत्यांनी शांतपणे तिच्या हातातून फोन काढून घेतला. “दिवसभरात किती वेळा तोंड दाखवलंस त्याला?”

“अकरा.”

“अगो, म्हणजे अकरा वेळा घरी आलीस आणि अकरा वेळा टाकून गेलीस. तू दिसलीस की त्याला आठवतं. तू नको दिसूस. मी दिसते.” मग फोन तोंडासमोर धरून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “कोण ओरडतंय रे तिकडे? मला सुकेळी मोजू देत नाही!”

पलीकडचा भोंगा दचकून थांबला. एवढा नवीन चेहरा, एवढ्या जवळून!

त्या घरात फोनला धड रेंज मिळायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदळाच्या डब्यावर. आत्यांनी फोन तिथे टेकवला आणि समोर पाट मांडून बसल्या. मग म्हणाल्या, “विहीणबाई, तुम्ही जेवलात का?”

यशोदाबाईंनी उमंगला मांडीवर ओढून घेतलं. “सकाळचा चहा झाला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “मग कागदाप्रमाणे चालू आहे सगळं. माझी वेळ नाही लिहिलेली त्याच्यावर.”

इशिता खिडकीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभी होती, स्क्रीनवर दिसू नये म्हणून. तिचे कान तापले. अकरा कॉलमध्ये हा एक प्रश्न तिच्या तोंडी आला नव्हता.

“ताट घ्या वाढून,” आत्यांनी फर्मावलं. “आपण तिघं जेवू. तो कागद आजच्या दिवस उलटा लावा.”

“मागूनही लिहिलाय,” यशोदाबाई म्हणाल्या, आणि दोन म्हाताऱ्या अशा काही हसल्या की भिंतीआड इशितालाही तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, घ्यावी लागली.

त्या दिवशी आत्यांनी उकडहंडी केली होती. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, सगळं मडक्यात शिजून मऊ झालेलं. आत्या एक घास घ्यायच्या, डोळे मोठे करायच्या आणि म्हणायच्या, “आता आजी.” मग यशोदाबाई एक घास घ्यायच्या. तिसऱ्या फेरीला उमंगला आपली पाळी चुकतेय असं वाटलं असावं. त्यानं तोंड उघडलं. लाल पेनाची ओळ धाब्यावर बसवून, मोबाईलकडे बघत, त्यानं वाटीभर वरणभात खाल्ला.

इशितानं भिंतीआड उभ्या उभ्याच उकडहंडी खाल्ली. दोनदा मागून घेतली. शेवटी न राहवून कुजबुजली, “आत्या, छान झालीये.” आत्यांनी न बघता नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मडकं घासूनपुसून बॅगेशेजारी उभं होतं.

आणि त्याच सकाळी मितेशचा मेसेज आला होता. ‘नऊला झोपला, साडेसहाला उठला. आई अजून झोपलीय.’

आत्यांनी फर्मान काढलं, आज कॉल बंद. काय असेल ते आम्ही दोघी बघू. दुपारी वालीवमध्ये डबे उलटे पडले आणि इशिताचा हात सवयीनं फोनकडे गेला, तेवढ्यात एस्थरचाच फोन वाजला. एस्थरनं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे निरोप सांगितला. “हेड ऑफिसमधून आहे. पोरगा जेवला, आजी जेवली, आता मॅडमनी जेवावं.” त्या दिवशी एकाही कागदावर ठिपका पडला नाही. चारला तिन्ही दिवसांचं काम उरकलं.

“चला,” एस्थर म्हणाली, “आज तुम्हाला फिरवते. वसईत येऊन रबर बघून गेलात तर लोक काय म्हणतील?”

वाटेत त्यांनी भुजिंग बांधून घेतलं, निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीत परतलेले पोहे. नाशिककर इशितानं पोह्यांत कोंबडी ही कल्पनाच आयुष्यात केली नव्हती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसून पहिला घास घेतला आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

“छान?” एस्थरनं विचारलं.

“इथे म्हटलं तर चालतं ना?”

“चालतं. मी काय देणार नाय.”

समोर पाण्यात किल्ला होता, होड्या परतत होत्या, मागे बांबूंवर ओळीनं टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. इशितानं चपला काढल्या आणि लाटेत घोट्यापर्यंत उभी राहिली. पायाखालची वाळू सरकली तशी ती किंचाळली, मग हसली, मग मुद्दाम पुन्हा उभी राहिली. कितीतरी वेळानं तिच्या लक्षात आलं, आपण उमंगला विसरलो होतो. छातीत धस्स झालं. तो जेवला असेल, खेळत असेल, असं वाटून धस्स झालेलं आपोआप खाली बसलं. हे तिच्या बाबतीत नवीन होतं.

सुक्या बोंबलांच्या बाईशी तिनं घासाघीसही केली. “जरा ओलसर वाटतायत.”

“पानी नाय लागलं त्यांना ताई, हात लावून बघ! वाजतात बघ!” बाईनं दोन बोंबील एकमेकांवर टिपऱ्यांसारखे वाजवून दाखवले. इशितानं अर्धा किलो मागितले आणि पाऊण किलो घेतले. यशोदाबाईंना सुकं आवडतं, पण उमंगच्या जन्मापासून वास नको म्हणून घरात आणलेलं नव्हतं. हेही तिनंच कुठल्याशा कागदावर लिहिलं होतं. मग आजीसाठी एक सुती साडी घेतली, स्वतःसाठी कानातले घेतले आणि उमंगसाठी काही घेतलं नाही. पाच मिनिटांनी मागे वळून एक लाकडी होडी घेतली, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना मूळची एक बॅग होती, तिच्या चार झाल्या होत्या. मडकं, नारळ, जास्वंद, सुकेळी, शिवाय कधी छान म्हटलं ते तिला आठवतही नव्हतं असा एक अडकित्ता. आत्या कुंपणापर्यंत आल्या. सवयीनं नजर फिरवत होत्या, अजून काय द्यावं म्हणून.

इशितानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आत्या, तुम्हीच किती छान आहात.”

आत्या थबकल्या. पदराला हात पुसला. त्या घराची रीत त्यांनी आजवर कधी मोडली नव्हती.

“मग आता मलाच घाल की पिशवीत,” त्या म्हणाल्या. हसत होत्या, पण आवाज जरासा हलला. “जा तू. सप्टेंबरात वाढदिवस ना त्याचा? तेव्हा येते.”

सोमवारी इशितानं मंदाताईंना ‘हो’ सांगितलं. त्यानंतर तिच्या पाच खेपा झाल्या, कोल्हापूरची मिसळ झाली, सुरतेची साडी झाली. फ्रिजवरचा कागद गेला. आता तिथे एकच ओळ आहे, यशोदाबाईंच्या अक्षरात: ‘सात वाजता ताता.’ आत्याला उमंग ताता म्हणतो. रोज सातला तो वाटी घेऊन फोनसमोर बसतो आणि दोन्हीकडे जेवणं होतात.

येत्या रविवारी त्याचा वाढदिवस. आणि नेमका परवापासून आत्यांचा फोन लागत नाहीये. मंदाताई म्हणतात, यात नवीन काही नाही, फोन तांदळाच्या डब्यात पडला असेल, मागच्या गणपतीतही पडला होता. एस्थर वेलांकनीला यात्रेला गेलीय, नाहीतर स्कूटी काढून बघून आली असती. खरंच तसंच असेल. पण इशिताची काळजी एवढ्यानं मिटत नाही, आणि उमंगनं दोन दिवस वाटी आपटून घर डोक्यावर घेतलंय.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त त्या बाजूला जाणार असाल, तर गासला जरा आत वळा. केळींच्या कुंपणाशी हाक मारा. आत्या जेवल्यात का विचारा, तांदळाचा डबा उघडून बघायला सांगा, आणि बॅग भरायला घेतली की नाही ते डोळ्यांनी बघून या. जाताना एखादी मोठी पिशवी न्या, आणि तिथलं काहीतरी बघून छान म्हणायला विसरू नका.